कोणतं जालना?

जालन्यात राहून ‘कोन्तं जालना?’ असे विचारणारी एकच व्यक्ती मी पाहिली. कोणी सहज म्हणाले, “आयाबाई, तुम्ही मूळच्या जालन्याच्याच ना?” की ती हातातले काम थांबवायची आणि समोरच्याकडे न बघता विचारायची, “कोन्तं जालना? घर, घोडं, जहाज, का पोरगी?” नवखा माणूस गोंधळायचा. जुने शेजारी हसायचे. ती हसायची नाही.

तिचे नाव मथुरा. ते नाव घेणारे गावात जवळजवळ कोणी उरले नव्हते. पोरेसोरे, दुकानदार, पोस्टमन, सगळे तिला आयाबाई म्हणत. एके काळी ती छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडे आया होती आणि त्याच्याबरोबर विलायतेला जाऊन आली होती, एवढेच सर्वांना माहीत होते.

गोरी पलटण उठून गेली तेव्हा जालन्याची छावणी ओसाड पडली. बंगल्यांची कौले, दारे, खिडक्या लोकांनी विकत घेतल्या किंवा नुसत्याच नेल्या. नोकरांसाठी बांधलेल्या खोल्यांची एक ओळ तेवढी शाबूत राहिली. तिच्या एका टोकाला मथुराबाई राहायची, मधल्या दोन खोल्यांत मी आणि माझी आई. मी स्टेशनाजवळच्या एका कापसाच्या पेढीवर कारकून होतो आणि निजामी हद्दीबाहेरच्या एका मराठी साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. ही गोष्ट तिला कुठून तरी कळली होती. ती मला ‘अखबारवाल्या’ म्हणायची, आणि त्या शब्दात कौतुक नसायचे.

ती नऊवारी लुगडे नेसायची आणि पायात नाडीचे काळे बूट घालायची. विलायतेहून आणलेल्या त्या बुटांचे तळ चांभाराने इतक्या वेळा बदलले होते की विलायतेचा भाग फक्त वरचे कातडे उरला होता. चहा कानाच्या कपातून प्यायची. बशीत ओतून पिणाऱ्याला “जनावर हाय का?” म्हणायची. तिच्याकडे दोन शेळ्या होत्या. त्यांना ती ‘डॅमफूल’ अशी शिवी द्यायची. शेजारी कोणी तापाने पडले की शेळीच्या दुधाचा आणि अंड्यांचा एक पिवळा गोड पदार्थ करून पाठवायची, त्याला ती ‘कष्टर’ म्हणायची. माझ्या आईने अंडे आहे म्हणून तो कधी खाल्ला नाही, पण परतही पाठवला नाही, मी खायचो.

शेजारची लेकरे ती न्हाऊमाखू घालायची, त्यांची नखे कापायची, पण कोणतेही लेकरू कडेवर घ्यायची नाही. एकदा शेजारणीने आपले तान्हे तिच्या हाती देऊ केले तेव्हा ती दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, “खाली ठिव. मी बगते, पन खाली ठिव.” शेजारणीला राग आला. त्या दोघी बरेच दिवस बोलत नव्हत्या.

आठवड्यातून एकदा ती खराटा घेऊन गोऱ्यांच्या कब्रस्तानात जायची. तिथे त्या साहेबाच्या बायकोचे थडगे होते. त्याच्या भोवतालचे गवत काढायची, दगडावर पाणी ओतायची, परत यायची. बाकीची थडगी बाभळीखाली गडप झाली होती.

“साहेबाने सांगितलंय का?” मी एकदा विचारले.

“सायेब कवाच मेला आसंल. मला कोन सांगनार?”

“मग कशाला जाता?”

“तिच्या पोरीला मी दूद पाजलं. मंग तिचं माजं काय तरी नातं हाय का न्हाई? तूच सांग, अखबारवाल्या. काय म्हनत्यात त्या नात्याला?”

 मराठीत सवत आहे, विहीण आहे, जाऊ आहे. या नात्याला शब्द नाही.

हकीकत तिने मला सलग कधी सांगितली नाही. अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी जे कळले, त्यातले जुळते ते लिहितो. तिचा नवरा छावणीत सईस होता. घोड्याची लाथ पोटात बसून तो मेला तेव्हा ती गरोदर होती. बाळंतपणासाठी ती जालन्याजवळच्या आपल्या माहेरी गेली. तिची धाकटी बहीण काशी आष्टीला दिलेली होती, तीही त्याच वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. मथुरेला मुलगा झाला. काशीचे मूल जन्मतःच गेले. त्याच सुमारास छावणीतल्या एका कप्तानाची बायको मुलगी होऊन तापाने वारली आणि त्या मुलीला पाजायला बाई हवी होती. सईसाची विधवा ओली बाळंतीण आहे, हे छावणीत माहीत होते. बोलावणे आले. मथुरा गेली. आपला मुलगा तिने काशीच्या पदरात ठेवला, थोड्या दिवसांसाठी.

काशी सव्वा महिन्याने सासरी आष्टीला गेली ती हा मुलगा घेऊन. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून लेकरू घेऊन परत आली. आष्टीत कोणी काही विचारण्याचे कारण नव्हते. पेढे वाटले गेले. मुलाचे नाव रामा ठेवले.

कप्तानाने आपल्या मुलीचे नाव जालना ठेवले. बायको त्या मातीत होती आणि पलटण उठणार होती. मथुराबाईला यात काही विचित्र वाटले नव्हते. “आमच्या आईनं बी तसंच केलं. तिला तीर्थाला जायाचं व्हतं. जमलं न्हाई. मंग पोरीच झाल्या तीर्थ. एक मथुरा, एक काशी. तिला जाता आलं न्हाई म्हनून आमची ती नावं, आन सायबाला ऱ्हाता आलं न्हाई म्हनून त्या पोरीचं हे.”

पलटण उठली तेव्हा मुलगी दुसऱ्या कोणाच्या हाती राहीना. कप्तानाने मथुरेला मनमाडमार्गे मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने विलायतेला नेले. त्या घरात कोणाला मथुरा म्हणता येत नव्हते, असे नाही. कोणी म्हणून पाहिले नाही. तिला मेरी म्हणत. समुद्राकाठच्या गावात कप्तानाने घर घेतले आणि फाटकावर पाटी लावली: जालना. शर्यतीचे घोडे घेतले, त्याचे नाव जालना. भागीदारीत मालवाहू जहाज घेतले, तेही जालना. त्याच्या भावाने ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी रान घेतले होते, त्यालाही हेच नाव गेले. पुढे त्या रानापाशी आगगाडी थांबू लागली आणि स्टेशनाला तेच नाव पडले. विलायतेतल्या त्या गावातल्या दोन कुटुंबांनी आपल्या मुलींना कप्तानाच्या मुलीवरून जालना म्हटले.

“सगळं जालना,” ती म्हणायची. “घर जालना, घोडं जालना. आन जालन्याहून खरंखुरं आल्तं ते एकच, ते मोरीत लुगडी धूत बसायचं, त्याचं नाव मेरी.”

मुलगी शाळेच्या वसतिगृहात गेली तेव्हा आयेचे काम संपले. हिंदुस्थानात येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर, त्यांची मुले सांभाळण्याच्या बोलीवर, तिला परत पाठवले. निघताना मुलगी घरी नव्हती. तिला मुद्दाम मामाकडे धाडले होते.

मथुरा मुंबईहून जालन्याला आली आणि तिथून आष्टीला गेली. अंगणात एक मुलगा विटीदांडू खेळत होता. काशीने तिला आत नेले आणि सांगितले, “माजा संसार ह्या पोरावर हाय. सासू-सासरे ह्याच्या जिवावर मला घरात ठिवून हायत. मला दुसरं झालं न्हाई. तू सांगितलंस तर मी हिरीत जाते.” मथुरेने देवाच्या उंबऱ्याला हात लावून कुणाला न सांगण्याची शपथ घेतली. मग काशीने पोराला हाक मारली आणि म्हणाली, “रामा, पाया पड. ही जालन्याची मावशी.”

आपल्याकडे नातेवाइकाला गावाचे नाव लागते. परतूरची आत्या, जाफराबादचा मामा. माणूस जिथे राहते तिथे त्याला ते नाव कोणी लावत नाही, दुसऱ्या गावची माणसे ते लावतात. रामाला दोन मावश्या असत्या तर वेगळेपणासाठी हे आवश्यक होते. त्याला एकच होती.

दर वर्षी सुगी झाली की रामा आष्टीहून परतूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने येई. ज्वारीचे पोते, तुरीची डाळ, कधी गूळ. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो तिशीकडे झुकलेला, उंच, कानात भिकबाळी घातलेला, बोलायला मोकळा शेतकरी होता.

“मावशे, ह्या शेळ्या इक अन् चल आष्टीला. हितं ह्या भुतांच्यात काय करून राह्यलीस?”

“भुतं बरी. ती जेवाया मागत न्हाईत.”

“आई म्हनती, मावशीचं डोकं विलायतेला ऱ्हायलं.”

“आईला म्हनाव, डोकं बराबर हाय. बाकीचं ऱ्हायलं.”

तो मोठ्याने हसायचा. ती त्याला वाढायची आणि तो जेवेपर्यंत समोर उभी राहायची. बसायची नाही. तो गेला की त्याचे ताट ती लगेच घासायची नाही, हे माझ्या आईच्या लक्षात आले होते. आईनेच एक दिवस तिला सरळ विचारले, आणि तिने सरळ सांगितले. आईने ते फक्त मला सांगितले.

कप्तानाची मुलगी येईल, असे मथुराबाई धरून होती. “पोरीला आपलं गाव बगाया यावंच लागंल. नावच तसं हाय.” गावातले लोक याची चेष्टा करत. आमच्या पेढीचे मालक झुंबरशेठ, मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या जालन्यात, ते तिला रस्त्यात थांबवून म्हणत, “आयाबाई, राजकन्या आली की आमाला कळवा. बँड लावू.” लोकांना वाटे की म्हातारी पैशासाठी वाट बघते आहे. तिला पैसा नको होता, असे मी म्हणणार नाही. तिला तो नेहमीच कमी पडे. पण ती वाट बघत होती ती ओळखीची. दोन लेकरे तिच्या दुधावर वाढली होती. एकाला सांगायची तिला बंदी होती. दुसरीला सांगायची बंदी नव्हती, म्हणून ती दुसरीवर टपून होती.

आणि ती आली. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात, हिवाळ्यात, नवऱ्याबरोबर. वेरूळ-अजिंठा पाहायला आलेले हे जोडपे वाट वाकडी करून जालन्याला येणार, असे स्टेशनमास्तरांना आधीच कळले होते. दुभाष्या म्हणून मला बोलावले. झुंबरशेठ हार घेऊन आले. बँड नव्हता.

बाई उंच, उन्हाने लालसर, बोलायला प्रेमळ होती. डब्यातून उतरल्यावर ती आधी स्टेशनच्या पाटीकडे गेली. इंग्रजी, उर्दू आणि मराठी, तिन्ही लिप्यांतले आपले नाव तिने हाताने चाचपून पाहिले आणि पाटीशेजारी उभी राहून छायाचित्र काढून घेतले. मग तिने आम्हाला सांगितले की जगात आता किती जालना आहेत. काकांच्या रानाजवळच्या स्टेशनापाशी वस्ती झाली आहे, शाळा आहे. जहाज लढाईत बुडाले, पण नव्या मालकाने दुसऱ्या जहाजाला तेच नाव दिले. घरी सध्या जी कुत्री आहे तिचे नावही जालना, पाचवी की सहावी.

झुंबरशेठनी मला बाजूला ओढून विचारले, “कुत्री म्हनली का ती?”

“हो.”

“आता हे नको सांगू कुनाला.” मग मोठ्याने, हसून, “बाईसाहेबांना इचार, तिकडच्या जालन्यात कापूस होतो का? भाव काय?”

आम्ही कब्रस्तानात गेलो. मथुराबाई तिथे आधीच होती. धुवट लुगडे, डोक्यावरून पदर, पायात ते बूट. थडगे धुऊन झाले होते आणि दगड अजून ओला होता. बाई आईच्या थडग्यापाशी बराच वेळ गुडघ्यावर बसली. उठल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारले, ही जागा इतकी स्वच्छ कोण ठेवते?

मी मथुराबाईकडे बोट केले आणि सांगितले की ही तुमची आया.

बाईने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. तिचा चेहरा कठोर झाला नाही, सावध झाला. ती म्हणाली की यात काही गैरसमज आहे. तिच्या आयेचे नाव मेरी होते आणि मेरी हिंदुस्थानच्या वाटेवर जहाजावरच वारली. वडिलांनी स्वतः तसे सांगितले होते. ती लहान होती, कित्येक दिवस जेवली नव्हती. शेवटी वडिलांनी गावच्या चर्चच्या भिंतीत एक लहान पाटी बसवून दिली: जालन्याची मेरी. अजून दर वर्षी ती तिथे फुले ठेवते.

मी भाषांतर करायला वळलो.

“नको,” मथुराबाई म्हणाली. “‘डेड’ मला समजतं.”

तिने हातातला खराटा थडग्याला टेकवला. मग म्हणाली, “तिला इचार, डाव्या टाचंवर भाजल्याचा डाग हाय का न्हाई. बोटीवर किटली सांडली व्हती. मीच भाजले, तिची टाच तेवडी भाजली. हा बग.” तिने पदर सारून दंड दाखवला. कोपरापासून वर कातडी आवळून गुळगुळीत झाली होती.

मी सांगितले. बाईच्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. तिने खाली आपल्या बुटाकडे पाहिले. तिथे आम्ही सहा-सात माणसे होतो आणि सगळे त्या बुटाकडे बघत होतो. मथुराबाई पुढे सरली नाही. तिने एकच शब्द इंग्रजीत उच्चारला, “बेबी.” बाईचा हात तोंडाकडे गेला आणि परत खाली आला.

तिने बूट काढला नाही.

नवरा तिच्या कानात काही बोलला. गावात साहेब लोक येणार म्हटल्यावर असे प्रकार होतात, अशा अर्थाचे काहीतरी. बाईने मान हलवली, होकाराची का नकाराची ते सांगता येणार नाही. मग पर्स उघडून तिने दहाची नोट काढली आणि थडगे सांभाळल्याबद्दल, असे मला स्पष्ट करायला सांगितले.

मथुराबाईने नोट घेतली. दोन्ही बाजूंनी पाहिली.

“कलदार हाय ना? हाली न्हाई?”

ब्रिटिशांचा कलदार रुपया आणि निजामाचा हाली रुपया यांच्या किमतीत फरक होता. मी सांगितले, कलदार आहे.

“मंग ठीक,” ती म्हणाली आणि खराटा उचलून चालू लागली.

मी साप्ताहिकाला दोन परिच्छेद पाठवले. छापून आला तो पहिला: शहराचे नाव धारण करणाऱ्या एका आंग्ल महिलेने शहरास भेट दिली, व्यापाऱ्यांनी पुष्पहार अर्पण केला. दुसऱ्या परिच्छेदाबद्दल संपादकांनी कळवले की मजकूर हृदयद्रावक आहे, पण पुरावा नाही. संपादक म्हणून ते बरोबर होते.

त्यानंतर तिने कब्रस्तानात जाणे थांबवले नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, “त्या मेलेल्या बाईनं माजं काय केलंय?” बोलण्यात मात्र बदल झाला. ‘कोन्तं जालना’ विचारताना यादीत कुत्र्याची भर पडली. बाईचा उल्लेख ती ‘ती टाचवाली’ असा करू लागली. विलायतेच्या आठवणी कोणी काढल्या तर म्हणायची, “म्या काय सांगू? मी तर बोटीवर मेल्ते.”

चाळीसनंतर केव्हातरी काशी वारली. रामा मुंडण केलेल्या डोक्याने निरोप घेऊन आला. मथुराबाई बहिणीसाठी रडली. तिला मी रडताना पाहिले ते तेवढेच. तो गेल्यावर माझ्या आईने तिला म्हटले की आता शपथ सुटली, आता सांगून टाका.

“काय सांगू? आई मेली म्हनून डोकं भादरून बसलाय त्यो. दुसरी कुटून आनू?”

“अहो, पण खरं ते खरं.”

“खरं एकदा सांगून बगितलं की. दहा रुपये आले.”



अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली तशी गावेच्या गावे उठून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात जाऊ लागली. आईला घेऊन मी आधीच गेलो होतो आणि तिथल्या एका दैनिकात काम करत होतो. पाऊस लागल्यावर बुलढाण्याच्या बाजूच्या एका निर्वासित तळावर मला बातमीसाठी पाठवले. मोकळ्या माळावर तट्ट्यांची छपरे उभारली होती. माणसे गावानुसार बसवली होती, म्हणजे ओळखीपाळखीने शिस्त राहील. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी कोळशाने नाव लिहिलेले फळकुट होते. आष्टी, जाफराबाद, अंबड, जालना. तट्ट्यांच्या त्या गावांतून लोक असे बोलत होते, “मी जरा जालन्यात जाऊन येतो.”

आष्टीच्या रांगेपाशी एक गाडी सोडत होते. रामा होता. मिशा पिकल्या होत्या. बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडे. गाडीच्या मागच्या बाजूला बोचक्यांवर मथुराबाई बसली होती. आष्टीहून निघाल्यावर त्याने सरळ सरहद्दीची वाट धरली नव्हती; मुलामाणसांना जोखमीत घालून आधी जालन्याला येऊन मावशीला घेतले होते. हे त्याच्या बायकोने मला तक्रारीच्या सुरात सांगितले. शेळ्या तिथेच सोडाव्या लागल्या होत्या.

खादीची टोपी घातलेला एक तरुण स्वयंसेवक माणसे बघत होता.

“एका छपरात इतकी माणसं मावत नाहीत, काका. आई-बाप, बायको-मुलं एवढीच. बाकी नातलग आपापल्या गावच्या रांगेत. ह्या आजी कोण?”

“मावशी हाय,” रामा म्हणाला. “जालन्याची.”

“मग त्यांची सोय तिकडं. जालन्याच्या रांगेत एकट्या बायांसाठी वेगळं छप्पर आहे.”

“आरं, सख्खी मावशी हाय. म्हातारी हाय. ऱ्हाऊ दे आमच्यासंगं. कोपऱ्यात पडंल.”

“सगळेच असं म्हणतात. आई असती तर मी शब्द बोललो नसतो.”

“आई न्हाई म्हनूनच म्हन्तो ना, बाबा.”

स्वयंसेवक वाईट मुलगा नव्हता. तो गाडीजवळ गेला आणि आवाज उतरवून त्याने तिलाच विचारले, “आजी, तुम्हीच सांगा. ह्यांच्या तुम्ही कोण लागता?”

मी चार पावलांवर उभा होतो. तिने मला पाहिले होते. माझ्याकडे बघून तिने मान किंचित हलवली. मी तोंड उघडू नये, असा त्याचा अर्थ होता. मग तिने रामाकडे पाहिले. तो बैलांच्या माना चोळत तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त प्रवासाचा शीण होता.

“मावशी,” ती म्हणाली.

रामाने तिला हात देऊन खाली उतरवले. “जवळच हाय, मावशे. सांजसकाळ येत जाईन,” असे तो म्हणाला. “ये की,” ती म्हणाली. तिचे बोचके लहान होते. स्वयंसेवकाने ते घेऊ केले तर तिने दिले नाही. पाऊस थांबला होता, माळावर चिखल होता. लुगड्याचा काठ एका हाताने उचलून ती रांगांच्या मधून चालत गेली. वाटेत कोणीतरी तिला विचारले, कुठं चाललात आजी. तिने हाताने पुढे दाखवले.